पळालेल्यांचा रकाना

एफ. वाय. बी. कॉम.च्या वर्गात, मार्चमधल्या एका गुरुवारी, शेवटच्या तासाला, कल्पिता मढवीला मीठ लिहिता आलं नाही. तास संपायला सात-आठ मिनिटं होती. बाजाराच्या समतोलाची आकृती पुसून झाली होती आणि परीक्षेच्या आधी वर्ग उगाचच प्रेमळ होतो तसा झाला होता. तिसऱ्या बाकावरची सोनल म्हणाली, “मॅडम, तुम्ही चायनाला होता ना? काहीतरी लिहून दाखवा ना चायनीजमध्ये.” मागून कोणीतरी “मंचुरियन लिहा” म्हणालं. वर्ग हसला, तीही हसली. “मीठ लिहिते,” ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. हे अक्षर तिने सहा वर्षांत किती हजार वेळा लिहिलं असेल कोण जाणे. नव्या सोप्या लिपीतलं नव्हे, जुनं, दप्तरांतलं, चोवीस रेघांचं. वर एका बाजूला सरकारी नोकर, शेजारी खारट जमीन, खाली भांडं. नोकर उभा राहिला. मग खडू थांबला. पुढची रेघ डावीकडून येते की वरून, तिला कळेना. हात कोपरापासून रिकामा झाल्यासारखा हवेत राहिला. तिने डोळे मिटले, उघडले. मागे सत्तर मुलं शांत होत गेली, आणि ती शांतता आदराची नसून कुतूहलाची आहे हे तिला पाठीला कळलं. तिने अर्धवट अक्षराखाली घाईघाईने भांडं काढलं आणि म्हणाली, “हे असं.” कोणाला काय कळणार होतं? दोन-तीन मुलांनी फोटो काढला. घंटा झाल्यावर तिने ते पुसलं, डस्टरने आणि मग हातानेही.

डोंबिवली पूर्वेच्या त्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. हे पाचवं वर्ष. स्टाफरूममध्ये तिला स्वतःचं कपाट नव्हतं, कारण कपाटं कायम नोकरीतल्या माणसांना. पर्स घेऊन ती बाहेर पडली, रिक्षा स्टँडवर उभी राहिली आणि बोटाने पर्सच्या कातड्यावर अक्षर काढत राहिली. नोकर, मग... फोनमध्ये बघणं दोन सेकंदांचं काम होतं. ते तिने मोठागावच्या पुलापर्यंत केलं नाही. पुलावर रिक्षेत वारा भरला, खाली खाडी दिसली, तेव्हा तिने फोन काढला आणि अक्षर पाहिलं. लगेच ओळख पटली, पण शाळेतली मैत्रीण एखाद्या लग्नात भेटावी आणि दोघींनी एकमेकींना ‘किती बदललीस’ म्हणावं तशी. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्याऐवजी एक बारीक, थंड भीती आली. हे आज गेलं. उद्या काय जाईल? आणि जाताना कळवून जाईल का?

तिच्या घरात चीनशी कोणाचा काही संबंध असायचं कारण नव्हतं. घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या बाजूला त्यांचं गाव. आगरी घर; आजा-पणजा मिठागरात, बाप धाकू मढवी चाळिशीपर्यंत मिठागरात, मग मिठागरं बंद, मग शेतजमिनीला भाव, आणि आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर मढवींचे दोन फ्लॅट शेजारी शेजारी. ठाण्यात बी. ए. करताना प्रभाकर वैद्य नावाचे एक सर होते. अर्थशास्त्राच्या तासाला ते पाठ्यपुस्तक बंद करून काहीही सांगत. एकदा म्हणाले, मिठावर जगातलं सगळ्यात अवाढव्य सरकारी राज्य कोणी चालवलं असेल तर चीनने. दोन हजार वर्षं. वर्गात फक्त कल्पिता सावरून बसली. तास संपल्यावर तिने विचारलं, “सर, म्हणजे चीनमध्ये पण आगरी आहेत?” सर मोठ्याने हसले आणि मग हसायचे थांबले. “बघ ना शोधून,” म्हणाले. एवढंच. त्या एका वाक्यावर ती दिल्लीला गेली, अर्थशास्त्रात एम. ए. झाली, संध्याकाळी चिनी शिकली, नेट पास झाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन नानजिंगला पोचली. गावात तेव्हा तिच्या वयाच्या सगळ्या मुलींची लग्नं होऊन दोन-दोन पोरं झाली होती. ठमाबाई, तिची आई, विचारणाऱ्यांना सांगायची, “ती तिकरं मीठ शिकतंय.” त्यावर बायका तोंडाला पदर लावायच्या.

आणि तिकडे खरंच आगरी होते. पाचशे वर्षांपूर्वी, मिंग राजवटीत, चीनच्या पूर्व किनाऱ्यावर मीठ करणाऱ्या घरांची सरकारी नोंद असे. ज्याचा बाप मीठ उकळतो त्याने मीठच उकळायचं, त्याच्या पोराने मीठच उकळायचं, किनारा सोडायचा नाही. या घरांच्या चिनी नावाला कल्पिताने मनातल्या मनात मराठी शब्द केला होता, चुलीची घरं. समुद्र गाळाने भरत पूर्वेकडे सरकत गेला, खारं पाणी लांब गेलं, तरी घरं होती तिथेच बांधलेली. एका लहानशा तालुक्याच्या दप्तरखान्यात प्रोफेसर शन यांनी तिला या घरांच्या हजेरीच्या वह्या दाखवल्या होत्या. प्रत्येक नावापुढे एक शब्द. आहे. मेला. पळाला. बाकीचे अभ्यासक उत्पादन बघत, कर बघत. कल्पिता तिसरा शब्द बघायची. हिवाळ्यात त्या खोलीत हीटर नसायचा, बोटं वाकायची नाहीत, आणि ती एकेक पळालेला माणूस आपल्या वहीत उतरवून घ्यायची, नाव, वय, गाव. कुठे गेले असतील हे? प्रबंध तोच होता. नोंदीतून सुटलेला माणूस पुन्हा कुठल्या नोंदीत सापडतो. तिला काही सापडलेही होते. एक शेजारच्या जिल्ह्यात नावाडी झाला होता. एक साधू. एक बाई, जी नवरा मेल्यावर रकान्यात ‘आहे’ होती आणि दुसऱ्या वर्षी ‘पळाला’, तेही पुरुषांच्या यादीत, कारण कारकुनाला बाई पळू शकते हे सुचलंच नसावं. त्या दिवशी कल्पिता दप्तरखान्यातून मुक्कामाच्या खोलीपर्यंत चालत गेली होती, दीड तास, बर्फात, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो कोणाला सांगावा हेच समजेना. शेवटी तिने घरी फोन लावला आणि बापाला विचारलं, “बाबा, मीठ धरायला लागलं हे कसं कळायचं तुम्हाला?” धाकू म्हणाला, “साय येतं. दुदावं येतं ना, तशी.” तो कधी ‘कशाला विचारतेस’ म्हणाला नाही. विचारलेलं सांगायचा, मग म्हणायचा, “जेवलीस कं?”

घरी पोचली तेव्हा धाकू गॅलरीत होता. अडीच वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं, नंतर थोडं परत आलं, सुटे सुटे शब्द. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीला नाक लावून तो खाडीकडे बघत बसायचा. तिवरांच्या पलीकडे जुन्या बांधांच्या रेषा पावसाळा सोडून अजून दिसत. त्याची दाढी कल्पिताच करायची. मितेशच्या, तिच्या धाकट्या भावाच्या, हाताला तो गाल देत नसे, निशाला, म्हणजे सुनेला, लाजायचा. ठमाबाईचे हात कापत. त्यामुळे एक दिवसाआड संध्याकाळी सहाला कल्पिता वाटीत गरम पाणी घेऊन बापासमोर बसायची आणि त्याचा गाल दोन बोटांनी ताणायची. हे कोणी तिच्यावर लादलं नव्हतं. ते तसं पडत गेलं होतं, गाळ पडतो तसं. त्या दिवशी ब्लेड फिरवताना तिला एकदम वाटलं की आपण अडीच वर्षं ज्या चेहऱ्यावरून हात फिरवतोय त्याला आपण एकही प्रश्न विचारलेला नाही. आता विचारायचं कारणच उरलं नव्हतं. “कं?” धाकू म्हणाला. तिचा हात थांबला होता. “काही नाही, बाबा. वर बघा.”

फोनमध्ये प्रोफेसर शन यांचं पत्र अकरा दिवस उत्तराशिवाय पडून होतं. ते तिला पाठ झालं होतं. शन आता शहात्तर वर्षांचे. मे महिन्यात ते घर सोडून मुलीकडे दक्षिणेत राहायला जाणार होते. ‘तुमची वह्यांची दोन खोकी माझ्या पलंगाखाली आहेत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पाच हिवाळे मी त्यांच्यावर झोपलो. उंदीर नाहीत, ओल नाही. तुम्ही येणार असाल तर मी जूनअखेरपर्यंत थांबेन. विद्यापीठाशी बोलून पुन्हा नाव घालता येईल असं मला वाटतं, मी अजून जिवंत आहे तोवर. येणार नसाल तर माझ्याकडे श्यू लान नावाची विद्यार्थिनी आहे. ती याच किनाऱ्यावर काम करते, कष्टाळू आहे. तिला देऊ का? तुम्ही सांगेपर्यंत मी काहीच करणार नाही.’ पत्राखाली त्यांनी लिहिलं होतं की अंगणातलं मेईचं, थंडीत फुलणाऱ्या प्लमचं, झाड या वर्षी उशिरा फुललं. या एका ओळीमुळे तिला उत्तर देता येत नव्हतं. बाकी पत्राला उत्तर देता आलं असतं.

ती खोकी तिथे का राहिली याची एक गोष्ट कल्पिता सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांना ती पटायची. जानेवारी दोन हजार वीसमध्ये मितेशच्या लग्नाला ती, वह्या खोक्यांत बांधून शन यांच्याकडे ठेवून, बारा किलोची बॅग घेऊन आली, परतीचं तिकीट नऊ फेब्रुवारीचं होतं, आणि मग जग बंद झालं. ऐकणारा म्हणायचा, “अरेरे! नशीब.” गोष्ट तिथे संपायची. पण खरं म्हणजे गोष्ट तिथे संपत नव्हती. दोन हजार बावीसच्या पावसाळ्याच्या अखेरीला विद्यार्थ्यांसाठी व्हिसे पुन्हा सुरू झाले होते. तिच्यासोबतची एक बंगाली मुलगी ऑक्टोबरात परत गेली. धाकूला झटका आला नोव्हेंबरात. मधला जो महिना होता, त्या महिन्यात कल्पिताने अर्ज केला नव्हता. फॉर्म उघडला होता, अर्धा भरला होता. कॉलेजात सहामाही होती. पेपर तपासायचे होते. घरात मितेशच्या बाळाचं बारसं होतं. आणि शिवाय, हे ती स्वतःलाही क्वचित सांगायची, अडीच वर्षं वह्यांपासून लांब राहिल्यावर तिला त्या वह्यांची भीती वाटू लागली होती. आपण परत जाऊन त्या उघडू आणि त्यात काहीच नसेल तर? मग झटका आला आणि तिला, बापाला दवाखान्यात नेताना, रिक्षात, एक क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी विचारणार नाही. तो क्षण तिने कोणालाच सांगितला नव्हता. तो अजून तिच्यात होता, घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा, गिळताना कळणारा.

मुलाखतीचं पत्र एप्रिलमध्ये आलं. कॉलेजात अर्थशास्त्राचं एक पद मंजूर झालं होतं, कायम. तेरा वर्षांनी. मुलाखत कल्याणला, संस्थेच्या कार्यालयात. मितेशने ऐकल्याबरोबर गाडी धुवायला दिली. “मी सोडतो तुला, ताय. रिक्षा-बिक्षा नाय करायची त्या दिवशी,” म्हणाला. अकराची मुलाखत, आठला निघाले, आणि कासारवडवलीच्या पुढे सगळं ठप्प झालं. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता. मेट्रोचे खांब डोक्यावर, दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये हजार गाड्या. मितेशने एसी वाढवला आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “चायनाला होतो का असा ट्राफिक?” “होतो.” “मग ते काय करतात?” “बसतात.” तो हसला. मग थोड्या वेळाने, समोर बघतच, म्हणाला, “निशा विचारत होती, तू परत जाणारेस का. तुझ्या त्या सरांचा मेल आलेला ना? आई बोलली.”

“आईला काय माहीत?”

“तू फोन बघून गप्प होतेस ते तिला समजतं. ती काय येडी आहे?” पुढची गाडी हातभर सरकली, तोही हातभर सरकला. “हे बघ ताय, मी तुला अडवणार नाय. सरळ सांगतो. बाबांचं करू आपण कायतरी. माणूस ठेवू. निशा पण आहे. तुला जायचं असेल तर जा.”

“बाबा माणसाकडून दाढी नाही करून घेणार.”

“मग दाढी वाढू दे,” मितेश म्हणाला. “दाढीसाठी थांबलीयेस काय तू?”

त्याने ते चेष्टेत म्हटलं होतं. तिने काचेबाहेर बघितलं. शेजारच्या बसमध्ये एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तिचं तोंड थोडं उघडं होतं. कोणीतरी अडवायला हवं होतं, कल्पिताला वाटलं. आईने रडायला हवं होतं, मितेशने भांडायला हवं होतं, बापाने मनगट धरायला हवं होतं. मग ती पळाली असती. तिच्या वहीतले सगळे कोणाच्या तरी हातून पळाले होते, मुकादमाच्या, शिपायाच्या, सासऱ्याच्या. उघड्या दारातून कोणी पळत नाही. उघड्या दारातून नुसतं जायचं असतं, आणि ते तिला येत नव्हतं. “ताय?” मितेश म्हणाला, “रागावलीस काय?” “नाही रे.” “पर्मनंट झालीस ना की बघ, सगळं सेट होईल. सुट्टी टाकून जा मग. मेमध्ये जा, दिवाळीत जा.” तो खरंच तिच्या भल्याचं बोलत होता. त्याचा चेहरा बापाच्या तरुणपणच्या फोटोसारखा होता आणि त्यावर काळजी होती. तिला त्याचा हात धरावासा वाटला, पण गाड्या सुटल्या आणि मागचे हॉर्न वाजवू लागले.

संस्थेचं कार्यालय कल्याणच्या जुन्या बाजारपेठेमागे, दुसऱ्या मजल्यावर. खाली धान्याच्या गोण्या उतरत होत्या, जिन्यात मिरचीचा खकाणा होता, त्यामुळे आत जाणारा प्रत्येक उमेदवार शिंकत जात होता. समितीत पाच जण. संस्थेचे कार्यवाह, पांढऱ्या शर्टातले, हळू बोलणारे गृहस्थ. पुण्याहून आलेल्या विषयतज्ज्ञ, डॉ. क्षिप्रा केळुसकर. बाकीचे तिघे कागद बघणारे. तिला काहीच कठीण विचारलं नाही. तिची उत्तरं चांगली होत होती, तिला स्वतःलाच कळत होतं. आवाज स्थिर होता. मग केळुसकर बाईंनी तिचा अर्ज उलटला आणि चष्मा वर केला. “हे फार वेगळं आहे. मिंग काळातले मीठ-कामगार. आपल्याकडे यावर कोणी काम केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. अपूर्ण का राहिलं?” कल्पिताने नेहमीची गोष्ट सांगितली. अरेरे, असं कोणीतरी म्हणालं. कार्यवाह पुढे झुकले. “मढवी बाई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे पद आम्हाला तेरा वर्षांनी मिळालंय. उद्या तुम्ही संशोधनासाठी दोन-तीन वर्षं रजा मागितलीत तर मुलांचं नुकसान होईल, आणि पदही हातचं जाईल. आमच्याकडे एकदा असं झालेलं आहे. ते चीनचं काम तुमच्या मनात अजून आहे का?” ते सज्जन होते. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं. पंख्याखाली कागद फडफडत होते आणि कार्यवाहांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं होतं. “नाही सर,” कल्पिता म्हणाली. “ते मी सोडलं.” वाक्य इतकं सहज बाहेर पडलं की ते बरेच दिवस आत तयार असणार. कार्यवाह मान हलवून मागे टेकले. केळुसकर बाई मात्र तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, आणि मग त्यांनी अर्ज मिटला, आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसा, आवाज न करता.

निवड झाल्याचं पत्र पंधरा दिवसांत आलं. निशाने पेढे आणले. ठमाबाईने गावदेवीला नारळ फोडला आणि दहा वर्षांपूर्वी ज्या बायका तोंडाला पदर लावायच्या त्यांच्यापैकी जिवंत असलेल्यांना घरी जाऊन पेढा दिला. “माजी पोर परमंट झाली,” ती सांगत होती, “आता साठ वर्षांपरत कोन काडनार नाय तिला.” कल्पिताने ते गॅलरीतून ऐकलं. साठ वजा अडतीस असलं काहीतरी डोक्यात सुरू झालं आणि तिने ते थांबवलं. कॉलेजात तिला कपाट मिळालं, खालचा खण गंजलेला. रुजू झाल्यावर मस्टरवर सही करताना शिपाई म्हणाला, “मॅडम, आता रोज करायची, सुट्टीचा दिवस सोडून,” आणि तिने सही केली. वाईट काहीच घडत नव्हतं. हेच तिला कोणाला समजावून सांगता आलं नसतं. रोज सकाळी उठल्यावर छातीत ओल्या गोणीसारखं काहीतरी असायचं आणि दात घासेपर्यंत ते अंगाचाच भाग होऊन जायचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिने प्रोफेसर शन यांना उत्तर लिहिलं. दुपारी, जेवणानंतर, घर झोपलेलं असताना. आधी मोठं लिहिलं. माफी, वडिलांचं आजारपण, बावीस सालचा तो महिना, रिक्षातला क्षणसुद्धा. मग ते सगळं खोडलं. शेवटी उरलं ते असं: ‘सर, खोकी श्यू लानला द्यावीत. वह्या क्रमांक चार ते नऊमध्ये पळालेल्यांची नावं आहेत, ती आधी वाचायला सांगा. मेईच्या झाडाविषयी वाचून बरं वाटलं.’ पाठवलं आणि तिने वाट बघितली की आता काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. शेजारच्या टॉवरवर रंगाऱ्याचा झुला वरून खाली येत होता, त्यातला माणूस भिंतीशी तोंड करून गाणं म्हणत होता. शन यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एकाच ओळीचं: ‘समजलो. मी खोकी स्वतः नेऊन दिली, रिक्षाने.’ ते शहात्तर वर्षांचे होते आणि प्रत्येक खोकं अठरा किलोचं होतं, ते तिने स्वतः बांधलं होतं.

श्यू लानचं पहिलं पत्र जूनच्या मध्यावर आलं. आदबशीर, घाबरलेलं. तिने कल्पिताला ‘थोरली बहीण’ म्हटलं होतं. वह्या वाचून आपण तीन दिवस दुसरं काही केलं नाही, असं लिहिलं होतं. मग प्रश्न. हे गाव कुठलं, ही तारीख कुठल्या पंचांगाची. कल्पिताने सगळ्यांची उत्तरं दिली, आणि देताना तिच्या लक्षात आलं की तिला सगळं आठवतंय, खोलीचा वाससुद्धा. तिला भीती होती तसं, वह्यांत काहीच नाही, असं नव्हतं. वह्यांत सगळं होतं. हे कळून जे झालं ते सुख होतं की शिक्षा, ते तिने तपासलं नाही. ती रोज सकाळी उठून आधी फोन बघू लागली. एका रविवारी श्यू लानने एका पानाचा फोटो पाठवला. ‘ही कुठली लिपी आहे? वरून आडवी रेघ आहे. बऱ्याच पानांच्या कडेला आहे. ही तुमची लघुलिपी का?’

पान खाऱ्या पाण्याच्या कसाविषयी होतं. पाणी उकळण्याइतकं खारट झालं की नाही हे बघायला तिकडचे लोक त्यात कमळाची बी टाकत. बी तरंगली की पाणी तयार. तिने तो उतारा जुन्या ग्रंथातून सुबक अक्षरात उतरवला होता, आणि शेजारी समासात, पेन्सिलीने, तिरकं, घाईत लिहिलेलं मराठी होतं. ‘बाबा: कमळाची बी कशाला, जीभ हाय ना. जीभ चुकत नाय.’ फोन कानाशी धरून लिहिलेलं. तिने फोटो बोटांनी मोठा केला. खाली आणखी एक ओळ होती: ‘बाबा: पण रोज चाखणाऱ्याची जीभ पन्नाशीला मरते. मंग पोराला चाखाला द्याचा.’ हे तो बोलला होता हे ती साफ विसरली होती. मग तिने दोन्ही ओळींचं चिनीत भाषांतर केलं आणि पाठवलं. उत्तर पाच मिनिटांत आलं. श्यू लानला हे विलक्षण वाटत होतं. कुठल्याच ग्रंथात हे नाही. जीभ मरते हे कुठेच नाही. ‘थोरली बहीण, हे मी प्रबंधात घेऊ का? पण संदर्भ द्यावा लागेल. “बाबा” हे कोणाचं नाव? हा ग्रंथ कुठे मिळेल?’

धाकू गॅलरीत खुर्चीवर बसला होता, समोर बशीत चहा ओतलेला. रविवार असल्याने खाली बांधकामाचा आवाज नव्हता. कल्पिता त्याच्या डाव्या बाजूला, ज्या बाजूने त्याला नीट ऐकू येतं तिथे, खाली बसली. “बाबा,” ती म्हणाली, “चीनमध्ये एक मुलगी पुस्तक लिहितेय. मिठावर. त्यात तुमचं नाव येणार आहे. चालेल?”

त्याला कळायला वेळ लागला. तिने पुन्हा सांगितलं, जिभेचं सांगितलं, कमळाच्या बीचं सांगितलं. त्याचा अर्धा चेहरा हसला. “माजा?” तो म्हणाला.

“हो. धाकू बाळ्या मढवी. मिठागर कामगार, ठाणे, असं. तुम्ही सांगितलेलं सगळं छापणार.”

“सगला,” तो म्हणाला आणि खाडीकडे बघू लागला. ओठ हलत होते, त्याला आणखी काही म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. अशा वेळी घाई करायची नसते, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ती थांबली. जाळीतून वारा येत होता. मग तो मान वळवून तिच्याकडे बघू लागला, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक पुरा प्रश्न आला.

“आन तुजा? तुजा नाव?”

तिने बशी उचलली, त्याच्या डाव्या हातात दिली आणि सांडू नये म्हणून खालून आपला हात धरला.

“प्या बाबा,” ती म्हणाली. “गार होतोय.”